जागा काढणारी माय

माय कोणाच्याही घरात शिरली की माणसांकडे नंतर पाहायची, आधी आढ्याकडे. लग्नघर असो की बाळंतिणीची खोली, मान वर. घरची बाई "या, बसा" म्हणत असायची आणि ही आपली छताच्या लाकडी बल्ल्या, खुंट्या, भिंतीचे कोपरे न्याहाळत उभी. मग एक सुस्कारा सोडून म्हणायची, "कितीक जागा वाया जाऊन राह्यली बाप्पा!" ही आपल्या घराला नावं ठेवते आहे की घराची कीव करते आहे, हे त्या बिचारीला कळत नसे.

माय म्हणजे माझी सासू. शांता, माझी बायको, तिला माय म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो आणि पुढे ओळखीचे सगळेच. तिच्यावर आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या नात्यात माझी एक ख्याती आहे, की या माणसानं सासूला सख्ख्या आईसारखं ठेवून घेतलं. परवा माझ्या पंचाहत्तरीला भाचेजावयानं भाषणात हेच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी गळ्यात हार घेऊन गप्प बसून राहिलो. इतकी वर्षं मी असाच गप्प बसत आलो आहे. मी तिला ठेवून घेतलं नव्हतं. ती कशी राहिली, ते आता तरी सांगितलं पाहिजे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुष्काळाची वर्षं नुकती सरली होती. मी वाशीमजवळच्या मालेगावला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. लोक डागदर म्हणत आणि मी त्यांना दुरुस्त करत नसे. आम्ही बौद्ध. नोकरी लवकर लागली, पण खोली मिळायला बरीच दारं पाहावी लागली. आधी रिकामी असलेली खोली आडनाव सांगितलं की पाहुण्यांसाठी राखलेली निघायची. शेवटी गावाच्या कडेला भाजीपाल्याचा मळा करणाऱ्या एका माळी कुटुंबानं घराची मागची बाजू दिली. मालकांना सगळे मामा म्हणत, त्यांच्या बायकोला मामी. माणसं मनानं चांगली. वांगी, मेथी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी हातावर ठेवायची, दुखलंखुपलं विचारायची. फक्त आमच्या घरचं पाणी घ्यायची नाहीत, आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरठा आम्ही ओलांडत नसू. हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर. वर टिनपत्रे, खाली सारवलेली जमीन. स्वयंपाकघरात चूल, मोरी, पाण्याचा रांजण आणि भांड्यांची मांडणी, की संपलं. शांता भाकरी थापत असली आणि मला पाणी हवं असलं तर तिनं सरकायला हवं, आणि तिला सरकायचं तर मी आधी बाहेर निघायला हवं.

माय तेव्हा जऊळक्याला स्टेशनाजवळच्या वस्तीत एकटीच राहायची. सासरे गेलेले, मुलगा नाही, शांता एकुलती एक. "तिला आपल्याकडे आणू," शांता म्हणाली. मी म्हणालो, "आणलं असतं गं, पण जागा कुठं आहे?" खरं तर जागेचा प्रश्न नव्हता. नवा संसार होता. सासूच्या देखत मोकळं बसता येणार नाही, हसता येणार नाही, असं मला वाटत होतं. शांतानं मात्र माझं वाक्य खरं मानलं आणि मायला जसंच्या तसं सांगून टाकलं.

दिवाळीनंतर माय एसटीनं आली. टपावर ज्वारीची दोन पोती.

"जवायाच्या घरचं फुकट खानं मले जमत नाही," ती दारातच म्हणाली. "माही जवारी मी आनली. अन् जागा नाही म्हने तुमच्याइथं? पाहू ना बाप्पा, कशी नाही तं. पाच-सहा दिवस लागतीन."

माझी सबब तिनं काम समजून हातात घेतली होती. आणि ती दोन पोती स्वयंपाकघरात आडवी टाकल्यावर पाय ठेवायला होती तेवढीही जागा उरली नाही.

पहिले दिवस तिनं नुसतं पाहण्यात घालवले. चहा पीत वर पाहायची, लसूण सोलत दाराच्या मागं पाहायची. मग कामाला लागली. पत्र्याखालच्या बल्ल्यांना सुतळ्या बांधून शिंकी टांगली. दाराच्या पाठीला दोरीचे फासे ठोकून त्यात उलथणं, झारा, चिमटा अडकवला. दार उघडलं की सगळं खणखणायचं, आणि खणखणाटावरून तिला कोण आलं ते कळायचं. "जवाईबापू आले. दार लोटत नाहीत, ढकलतात." एकदा अवकाळी पाऊस आला म्हणून मी माझी छत्री शोधू लागलो. ती चुलीच्या वर उलटी टांगलेली होती आणि तिच्यात लसणाच्या जुड्या होत्या. मी भिजत दवाखान्यात गेलो.

वस्तू कुठं ठेवायची याचा तिचा एक नेम होता. "जे रोज लागते ते हाताले, जे आठवड्यानं लागते ते डोयाले, अन् जे सनाले लागते ते मानेले." म्हणजे रोजचं हाताच्या उंचीवर, कधीमधी लागणारं डोळ्याच्या उंचीवर आणि सणासुदीचं मान वर केल्याशिवाय दिसणार नाही असं. मीठ, तिखट, साखर, चहा यांच्या जागा तिनं दाराच्या उजव्या हाताला इतक्या पक्क्या केल्या की दिवा विझला तरी शांताचा हात चुकत नसे.

ही नजर आली कुठून, असं मी एकदा विचारलं. ती हसत म्हणाली, "दीक्षा घेतली ना आमी, तवा देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून देले. घरी आली अन् पाह्यलं, तं भिंतीत हे एवढी मोठी देवळी! पुरं आयुष्य तिथं हात नाही लावला. म्हनलं, आता इथं पिठाचा डब्बा बसते. तवापासून मले भिंती दिसाले लागल्या."

डबे कमी पडू लागले तेव्हा तिनं मोर्चा दवाखान्याकडे वळवला. गुरांच्या औषधांच्या रुंद तोंडाच्या रिकाम्या बाटल्या आमच्याकडे पडून असायच्या. तिनं मला त्या आणायला लावल्या, राखेनं घासल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, उन्हात वाळवल्या आणि त्यात मीठ-मसाले भरले. लेबलं मात्र काही केल्या निघेनात. माझे थोरले भाऊ शिरपूरहून आले होते. जेवताना मीठ मागितलं, तर शांतानं बाटली पुढं केली. भाऊंनी वाचलं : जनावरांसाठी, जुलाबाचं मीठ. त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली.

"हे काय आहे?"

"मीठ हाये," माय म्हणाली. "खा बाप्पा. गुराईले गुन आला, तुमाले बी येईन."

भाऊ जेवले, पण दुपारची गाडी त्यांनी सोडली आणि संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडले नाहीत.

पाच-सहा दिवसांचे तीन आठवडे झाले. स्वयंपाकघर वरून भरलं आणि खालून मोकळं होत गेलं, ती दोन पोती सोडून. माय पुढच्या ओट्यावर, तट्ट्याच्या आडोशाला निजायची. "मले उघड्यावरच झोप लागते," म्हणायची. पण थंडी पडू लागली होती आणि पहाटे तिचा खोकला आत ऐकू यायचा. मी कूस बदलायचो.

एके दिवशी दुपारी मी अवेळी घरी आलो. दार उघडंच होतं. माय स्वयंपाकघरात पोत्यांशेजारी जमिनीवर सरळ आडवी पडली होती. मला वाटलं, बरं नाही. तेवढ्यात तिनं डोक्याशी बोटानं एक रेघ ओढली, पायाशी एक ओढली, उठून बसली आणि दोन रेघांमधलं अंतर पाहत राहिली. टोकाला टोक लावून पडलेली ती दोन पोती तेवढ्याच लांबीची होती. ती तिच्या अंगापुरती जागा मोजत होती. मी पाऊल न वाजवता माघारी गेलो. त्या दिवशी मी बोललो असतो, "माय, पोती पुढच्या खोलीत टाकू, तुम्ही आत निजा," तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. मी बोललो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दवाखान्यात एक शेतकरी लंगडणारा बैल घेऊन आला. मी पट्टी बांधत होतो, तर तो माझ्याकडेच हसून पाहत होता.

"डागदर, मंग नोकरी आता सोडता का?"

"काहून?"

"काहून म्हंता? हंडा सापडला ना तुमच्या घरात! पुऱ्या मालेगावात बोभाटा हाये."

मी पट्टी तशीच टाकून सायकल काढली.

घरी पोचेपर्यंत मामा, मामी आणि शेजारची चार माणसं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात दाटली होती. आत माय एका शहाबादी फरशीवर मांडी घालून मिरच्यांचे देठ काढत बसली होती. पोती दिसत नव्हती. शांतानं मला कोपऱ्यात ओढून भराभरा सांगितलं. वर जागा संपली म्हणून माय खाली गेली होती. मी दवाखान्यात गेलो की दोघी पोती सरकवायच्या, त्याखाली खणायच्या आणि मी यायच्या आत पोती पुन्हा जागेवर. मायनं पेव खणलं होतं. आमच्याकडे ज्वारी साठवायला जमिनीत असा खड्डा करतात, आतून भुसा आणि कडबा लावून लिंपतात. जऊळक्याला आपल्या घरात पेव खणायला कोणाला विचारायचं नसतं. हे भाड्याचं घर आहे, हे मायच्या डोक्यातच आलं नव्हतं. निघालेली पांढरी माती ती टोपल्यानं मागच्या वाफ्यांत नेऊन टाकत होती, आणि मामांनी आपल्या वांग्यांच्या बुडाशी गावठाणातली माती पाहिली. घरातून येणारा धप्प धप्प आवाज शेजाऱ्यांनी आधीच ऐकला होता. पांढरीतली, म्हणजे जुन्या वस्तीची, माती आणि बंद दाराआड खणणं, म्हणजे आमच्या भागात दुसरं काय असणार? गुप्तधन.

"डागदर," मामा म्हणाले, "तुमच्यापासून ही उमेद नोयती. घर माहं, जमीन माही. निघालं त्यात आर्धा वाटा माहा." मग मायकडे वळून म्हणाले, "उठा बुडे."

"उठतो ना. पाय पुसून या आत, सारवेल हाये."

मामांनी खरोखर पाय पुसले. माय उठली, तिनं आणि शांतानं फरशी सरकवली. मामांनी आत हात घातला. मूठभर ज्वारी निघाली.

"हे काय?"

"जवारी."

"जवारी दिसते मले. खाली काय हाये?"

"खाली बी जवारीच."

मामा पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात घालून चाचपू लागले. बराच वेळ चाचपल्यावर उठले, तेव्हा मिशीत भुसा होता. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानं बिघडलं. मामांचा चेहरा लाल झाला.

"लोकाच्या घराची जमीन खोदता? महिना संपला का खोली खाली करा!"

पुन्हा तीच दारं, पुन्हा तेच आडनाव. मी हात जोडणार होतो. पण मामींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या मान वर करून उभ्या होत्या.

"त्या छत्रीत काय हाये व?"

"लसून," माय म्हणाली.

"अन् त्या शिंक्यात?"

"कुरडया, पापड, मुगवड्या. सनाचं."

"माय व! माह्या घरी एवढं मोठं सैपाकघर, तं तवा ठेवाले जागा नाही." मग खाली पाहत त्यांनी विचारलं, "अन् ते पोते होते ना तिथं, ते जागा कायले मोकळी केली? तिथं काय ठेवनार?"

"मी," माय म्हणाली.

"म्हनजे?"

"तिथं मी निजतो. घरात जागा नोयती, म्हनून काढली."

मामींनी मायकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "खोली-बिली कोनी खाली नाही करत. मिशी झटका अन् चाला घरी."

रविवारी मामींनी मायला बोलावलं. आपलंही स्वयंपाकघर असंच लावून हवं होतं. मी आमच्या दाराशी बसून पाहत होतो. माय त्यांच्या उंबरठ्याबाहेर बसली. बाहेरून ती सांगायची, आतून मामी करायच्या.

"ते पितळी डब्बे वरच्या फळीवर घ्या."

"कोनत्या बाजूले?"

"डाव्या."

"डाव्याले तं चूल हाये!"

"तुमचा डावा नाही, माहा डावा."

"तुमचा डावा म्हनजे माहा कोनता?"

आत धडाडधूम झालं. डबे कोसळले आणि तुरीची डाळ उंबरठ्यापर्यंत घरंगळत आली. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता तुमी आत येता का मी बाहेर येऊ?"

माय जागची हलली नाही. "पाहा बाप्पा. मंग म्हनसान."

मामा ओसरीवर तंबाखू मळत होते. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते जरा वेळ तळहाताकडेच बघत राहिले, मग चिमूट तोंडात टाकून उठले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, "मी मळ्यात चाललो. पानी धराचं हाये."

"गेले," मामी म्हणाल्या. "या आता. बाहेरून मले तुमचं काही समजून नाही राह्यलं."

मायनं पदर खोचला, वाटेतली डाळ दोन्ही हातांनी गोळा केली आणि ओंजळीतली डाळ घेऊनच आत गेली. आत गेल्या गेल्या तिनं मान वर केली. तिचा सुस्कारा मला आमच्या दारापर्यंत ऐकू आला.

मीठ, तिखट, साखर, चहा तिथंही दाराच्या उजव्या हाताला बसवून ती दिवे लागायच्या वेळेला परतली. केसांत जळमटं, हाताला काजळी आणि चेहरा असा, जशी जत्रेतून आली. "चहा देला," शांताला म्हणाली. "त्याइच्याच कपात." त्या रात्री जेवताना दोनदा आपणहून हसली.

खोली सोडावी लागली नाही. त्या साली मामांची वांगी अशी काही धरली की ते येता-जाता ओरडायचे, "बुडे, अजून खोद ना थोडं!" मामी आमच्या ओट्यावर बसून पाणी मागू लागल्या. आधी घोटभर, मग तांब्याभर.

माय पोत्यांच्या जागी निजू लागली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मी उसना धीर आणून म्हणालो, "माय, तुम्ही पुढच्या खोलीत निजा. मी निजतो इथं." मी का जागा नाही म्हणालो होतो, तेही सांगायला तोंड उघडलं. तिनं ते होऊ दिलं नाही. अंथरूण झटकत म्हणाली, "नोको जवाईबापू. देलेली जागा मानूस वापस बी घेते. हे मी काढली हाये." आणि दोन मिनिटांत घोरू लागली. ती घोरायची, आम्ही दोघं इकडे हसत पडायचो. सासूमुळे मोकळं हसता येणार नाही असं ज्याला वाटलं होतं, तो मी तोंडात पांघरुणाचा बोळा कोंबून हसायचो.

पुढे बदल्या झाल्या, वाशीमला घर बांधलं. त्यात सिमेंटचा ओटा, भिंतीत कपाटं. मायला ते घर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती हिरमुसली. "इथं काही कराले ठेवलंच नाही तुमी," म्हणाली. पण महिनाभरात कपाटं झाडू-टोपल्यांनी भरली आणि मीठ, तिखट, साखर, चहा दाराच्या उजव्या हाताला तिच्या नेहमीच्या उंचीवर फळी ठोकून बसले. शेवटपर्यंत ती आमच्याकडेच होती. एका उन्हाळ्यात, कुरडया वाळवून झाल्यावर, फार त्रास न घेता गेली.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मालेगावहून मामी आल्या. मामा थकले होते, त्यांना प्रवास झेपत नव्हता. मामींनी ते घर कधी पाहिलेलं नव्हतं. वंदना झाली, माणसं जेवली, पांगली. उरलेल्यांना चहा हवा होता. शांता रडून रडून भिंतीला टेकून बसली होती. धाकटी सून नवी होती, ती उठली आणि साखर कुठं आहे म्हणून डबे उघडून पाहू लागली.

"बस तू पोरी," मामी म्हणाल्या.

त्या आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, भगुण्यात पाणी घेतलं, स्टोव्ह पेटवला. मग दाराकडे पाठ असतानाच, शांताशी बोलता बोलता, त्यांनी उजवा हात मागं वर नेला आणि न पाहता साखरेचा डबा खाली घेतला.